न उचललेला फोन

कंपनीचा महिना अठ्ठावीस दिवसांचा असतो
हे मला फार उशिरा कळलं.
तीस वर्षं सीतलामाता बाजारात
दुसऱ्याच्या कापडाच्या वह्या लिहिल्या,
आणि माझ्याच खिशात दर वर्षी
एक अधिक महिना पडत होता, तो दिसला नाही.

दोनशे नव्याण्णव गुणिले तेरा.
गुणिले दोन, कारण कुंदाचाही फोन.
सात हजार सातशे चौऱ्याहत्तर.
कॅलेंडरच्या पाठीवर मांडलं,
खाली दोन रेघा ओढल्या.

स्वरदा हैदराबादहून म्हणाली,
बाबा, रिचार्ज हवाय कशाला?
बँकेला माझा नंबर द्या,
खालच्या जैनांचं वायफाय घ्या, बोला नेटवरून.
जैन म्हणाले, हौ भिया, दीडशे देत जा.
पासवर्ड म्हणजे त्यांच्या नातवाची जन्मतारीख;
आता त्या पोराचा वाढदिवस
त्याच्या सख्ख्या आत्याच्या आधी मला आठवतो.

वायफाय जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत चढतं,
पुढे दमतं.
सातवीवर कुंदानं एक उशी टाकली.
तिथून ती बडोद्याच्या बहिणीशी बोलते.
बोलते म्हणजे काय,
इकडे गवार मोडते, तिकडे कुकर होतो,
मध्येच कुणीतरी "हं" म्हणतं.
एसटीडीच्या बूथमध्ये याच दोघी
आकडे पळताना बघत
तीन मिनिटांत एक लग्न ठरवून
एका मयताची चौकशीही उरकायच्या.

मी खूश होतो.
वर्षाला पाच हजार नऊशे चौऱ्याहत्तर शिल्लक.
जमेच्या बाजूला लिहिलं, हिरव्या शाईनं.

मग एका रात्री भात वाढता वाढता कुंदा थांबली.
"पागेकाकांची रिंग कधी ऐकलीत हो शेवटची?"

महूचे पागेकाका. बटणांचा फोन.
काकू गेल्यापासून रोज रात्री नऊला
एक रिंग, म्हणजे: आहे.
दोन: बरं नाही.
तीन: ये.
उचलायचा नाही, असं ठरलेलं.
कॉलला पैसे पडायचे तेव्हाचा हा करार;
पुढे कॉल स्वस्त झाले,
करार कुणी मोडला नाही.

बोटांवर मोजलं. एकोणीस दिवस.
एकोणीस वेळा नऊ वाजले होते
आणि मी सातव्या पायरीवर
फुकटात हैदराबादचा पाऊस बघत होतो.

सकाळी सरवट्यावरून पहिली बस.
खिडकीशी बसून मी काय काय मांडलं
ते वहीत लिहिण्यासारखं नाही.

काका ओट्यावर पोहे निवडत होते.
मला बघून चष्मा काढला, पुसला, परत घातला.
"अरे, तू आहेस?"
म्हणाले, रोज लावतो, एक बाई उचलते,
म्हणते नंबर सेवेत नाही.
परवा तिला विचारलंसुद्धा,
बाई, नाही म्हणजे किती नाही?
ती परत पहिल्यापासून तेच म्हणाली.

"कुणाला विचारावं, सुचेना," काका म्हणाले.
"आणि विचारलं, आणि कुणी सांगितलं असतं तर?"
मग पोह्यातला एक खडा बाजूला काढून
बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले.

येताना छावणीत उतरलो.
दुकानातलं पोरगं म्हणालं, अंकल,
यात डेटा काहीच नाही, लॉस आहे.
मी म्हटलं, लॉसचंच दे.

जुना फोन आता फ्रिजवर असतो,
चार्जरला बांधलेला, म्हशीसारखा.
खर्चाच्या बाजूला नवी ओळ आहे,
नाव काय द्यावं कळेना, म्हणून लिहिलं
"न उचललेला फोन".
काल वाजला तेव्हा कुंदा पायरीवरून ओरडली,
"दोन मिनिटं उशीर!"
मी फ्रिजपाशी उभा होतो,
दुसरी रिंग येत नाहीये ना
ते ऐकत.